वाटीएवढ्या तोंडाची विहीर

आचान फळीवरून एक क्षण आधी उतरली आणि समोरचा तरुण उडाला तो थेट चिखलाच्या ढिगात!

डोंगरावर धुकं, वरून भुरभुर पाऊस, आणि ढिगातून वर आलेले दोन पाय. मग त्या पायांचा मालक उठून बसला, कपाळावरचा चिखल निपटून टाकला आणि म्हणाला, "तीनला उतरायचं होतं. तुमच्या गावात दोननंतर काय येतं?"

"मी तीनलाच उतरले. तुझंच तीन उशिरा आलं," आचान म्हणाली. हसू पोटात मावत नव्हतं, पण आबा समोर उभे होते. त्यांनी कपाळाला हात लावला होता.

झालं होतं असं, की सकाळीच तिच्या थोरल्या भावाचा, आशेंगचा, पाय मुरगळला. फळीवर माणूस कमी पडला आणि टोळीचे मुकादम गोंगकाका काम थांबवायला तयार होईनात. "मी जाते," आचान म्हणाली. आईने नाक मुरडलं. "पोरीच्या जातीनं फळीवर उड्या मारायच्या? लोक काय म्हणतील?" "लोक म्हणतायतच की," असं म्हणत आचानने घागऱ्याचा काचा मारला आणि केस वर बांधून ती निघालीसुद्धा.

लोक म्हणत होते हे अगदी खरं. चीनमधल्या शू प्रांताच्या त्या डोंगरात मिठाची विहीर म्हणजे अंगणाएवढी. सगळं गाव खणायला, बैलाच्या कातड्याची मोट, रहाटाला वीस हात. आचानच्या आबांची, तान यांची, उभी हयात असला रहाट ओढण्यात गेली होती, तोही दुसऱ्याच्या विहिरीवर. आणि आता पलीकडच्या डोंगरातून हे गोंगकाका आले आणि म्हणाले, खणायचं कशाला? कुटायचं! बांबूच्या कामट्यांचा दोर, दोराला लोखंडी पहार, पहार फळीच्या एका टोकाला. दुसऱ्या टोकावर दोन माणसांनी समोरासमोर चढायचं, पहार वर. दोघांनी एकदम उतरायचं, पहार खाली. धप्प! असं करत करत वाटीएवढं भोक डोंगराच्या पोटात जातं, जिथे माणसाची मोट कधी पोचली नाही त्या खाऱ्या पाण्यापर्यंत. तान यांनी आपली तुतीची बाग या भोकासाठी देऊन टाकली होती. "वाटीत मीठ वाढतात, तान, विहिरीत नाही," असं म्हणून शेजारी खो खो हसायचे.

"पायांकडे बघू नकोस," चिखलातला तरुण पुन्हा फळीजवळ येऊन उभा राहिला. "माझ्या डोळ्यांकडे बघ. पाय आपोआप जमतात."

आचानने बघितलं. डोळे काळेभोर होते, पापणीवर चिखलाचा एक ठिपका राहिला होता. पुढच्या दोन उड्या चुकल्या त्या मात्र तिच्याकडून नाही, त्याच्याकडून.

"आता कुणाचं तीन उशिरा आलं?"

"पापणीत माती गेली माझ्या," तो म्हणाला आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

फळीवर बोलायचं म्हणजे एका उडीला एक वाक्य. त्याहून जास्त बोललं की दम लागतो, आणि गोंगकाकांची शिवी बसते ती वेगळीच.

"नाव?" धप्प.

"आचान. तुझं?" धप्प.

"पेई सानलांग." धप्प.

"सानलांग म्हणजे तिसरा लेक. आधीचे दोघं कुठंयत?" धप्प.

"घरी. शहाणे आहेत ते." धप्प.

"आणि तू?"

"मी डोंगराला भोकं पाडत फिरतो!"

ती इतकी हसली की उडी चुकली. पण या खेपेला दोघं एकदमच चुकले, त्यामुळे कुणी पडलं नाही.

आशेंगचा पाय बरा झाला तरी आचान फळीवरून उतरली नाही. "माझा पाय बरा झालाय, हे कुणाला सांगायचं नाही का?" आशेंगने एकदा डोळे मिचकावून विचारलं. तिने त्याच्या हातात सुकवलेल्या पर्सिमनच्या फळांची माळ ठेवली. तेव्हापासून तो अंगणात इमानाने लंगडायला लागला.

एक गोष्ट मात्र तिला पहिल्या आठवड्यातच कळली होती आणि ती काट्यासारखी सलत होती. "खारं पाणी लागलं, की पुढं काय?" तिने विचारलं होतं.

"पुढचा डोंगर," सानलांग म्हणाला होता. "पाणी वर आलं की गोंगकाका दुसऱ्या दिवशी टोळी हलवतात. आणि वर आल्याशिवाय हलत नाहीत, कुणी सोनं दिलं तरी. टोळीचं नाव आहे तेवढं."

म्हणजे रोज कुटायचं ते पाणी लागावं म्हणून, आणि पाणी लागलं की हा चालला. आबांसाठी ती देवाकडे पाणी मागायची आणि मागून झालं की हळूच म्हणायची, आज नाही आलं तरी चालेल.

पाणी लागलंच. एका दुपारी पहार वर आली तेव्हा तिच्या टोकाचा चिखल नेहमीसारखा लाल नव्हता, काळसर होता. सानलांगने बोटावर घेतला, जिभेला लावला, आणि काही न बोलता तेच बोट आचानपुढे धरलं. "चाख."

तिने चाखला. जीभ आखडली, डोळ्यांत पाणी आलं. "खारट! आबा... खारट!"

मग जो काही गोंधळ झाला! आबा पळत आले आणि घसरून पडले, आशेंग लंगडायचं विसरून धावला, गोंगकाकांनी टोपी आकाशात फेकली. आई पिठाच्या हाताने दारात येऊन रडायलाच लागली. आचानही नाचली. नाचता नाचता तिची नजर सानलांगवर गेली, तर तो एकटा उभा होता, पहार पुसत. पुसून स्वच्छ झालेली पहार तो पुन्हा पुन्हा पुसत होता.

पण डोंगराला एवढ्यात हार मानायची नव्हती. पाणी खाली होतं, वर काढायचं कसं? वाटीएवढ्या तोंडातून मोट जाईना. आतली माती ढासळू नये म्हणून भोकाला जाड बांबूंचं अस्तर लावलं होतं, त्यातून बारीक बांबू सोडून पाहिला. बूड बंद ठेवलं की बांबू तरंगायचा, बुडायलाच तयार नाही. वजन बांधून बुडवला तर अस्तरात असा घट्ट बसायचा की पाणी त्याच्या तोंडापर्यंत चढायचंच नाही. बूड उघडं ठेवलं की काठोकाठ भरायचा, आणि वर ओढेपर्यंत सगळं पाणी खालच्या खाली. आजवर भोकातून चिखल याच उघड्या बांबूने निघत आला होता, पण चिखल बांबूत घट्ट बसतो. पाणी कुठलं बसायला! आजवर गोंगकाकांनी कुटलेल्या विहिरी उथळ होत्या, पाणी आपसूक वर यायचं. इतक्या खोल ते पहिल्यांदाच उतरले होते.

"पाणी वर आल्याशिवाय गोंगची टोळी हलणार नाही," त्यांनी आबांना सांगितलं. आबांनी मान डोलावली. आचाननेही डोलावली, जरा जास्तच जोरात.

तरीही मीठ लागल्याचा आनंद साजरा व्हायलाच हवा होता. आईने पुरून ठेवलेला दारूचा रांजण अंगणात काढला, त्यात वेताच्या लांब पोकळ नळ्या खुपसल्या. बरोबर तिरफळ घातलेलं मटण आणि मोहरीच्या पाल्याचं लोणचं. रांजणाशी दोघादोघांनी समोरासमोर बसून प्यायचं असतं. "फळीवरची जोडी रांजणावर," गोंगकाकांनी फर्मान काढलं, आणि आचान न् सानलांग गुडघ्याला गुडघा लागेल असे बसले.

"हळू ओढ," सानलांग म्हणाला. "तीन म्हणेपर्यंत संपवशील."

"तू मोजत बस."

तिने नळीतून दारू ओढली, नळीच्या तोंडाला जीभ लावली आणि नळी तशीच उचलून बाहेर काढली. दारू आतच राहिली, एक थेंब सांडला नाही. भुवया उंचावून तिने त्याच्याकडे पाहिलं आणि जीभ काढून घेतली. सगळी दारू त्याच्या गुडघ्यावर.

"अगं ए! जीभ आवर की जरा!"

ती हसायला लागली... आणि हसता हसता थांबली. जीभ. त्या बांबूला एवढीच उणीव होती, एका जिभेची. वरच्या तोंडाला नव्हे, खाली, बुडाशी, आतल्या बाजूने. कातड्याची. एका कडेने शिवलेली. बांबू खाली जाताना पाणी तिला वर ढकलेल, आत शिरेल. बांबू वर येताना तेच पाणी तिच्यावर बसेल, आणि वाट बंद! हात नको, अंगठा नको. पाण्याने स्वतःच दार उघडायचं आणि स्वतःच लावायचं.

तिने वर पाहिलं. सानलांग तिच्या ओठांकडे एकटक बघत होता, पापणीसुद्धा हलत नव्हती. आचान लाजली, नळी रांजणात टाकली आणि उठून आत पळाली.

आत जाऊन ती चुलीपुढे बसून राहिली. सांगायचं होतं, ओठांपर्यंत आलं होतं. पण सांगितलं की पाणी वर. पाणी वर की टोळी डोंगरापलीकडे. फक्त एक दिवस... उद्या सांगू. एवढं काय बिघडतंय?

दुसऱ्या दिवशीही ती मूग गिळून बसली. तिसऱ्या दिवशीही. बाहेर नवनवे प्रयोग चालू होते. बांबूच्या बुडाला कापसाचा बोळा, मेणाचा गोळा, भाताची खळसुद्धा. सगळं फसत होतं. सानलांग तिच्याशेजारी बसून कामट्या सोलायचा, ती त्याला पेजेचा वाडगा द्यायची. दोघं कशाकशावर बोलायचे — त्याच्या गावची संत्री, तिच्या मावशीचा चावरा हंस, डोंगरापलीकडे पाऊस वेगळा पडतो का... विहिरीवर मात्र दोघंही बोलायचे नाहीत. ती का बोलत नाही हे तिला ठाऊक होतं. तो का बोलत नाही, याचा तिने विचारच केला नाही.

आबा मात्र वाळत चालले होते. जेवताना घास हातात धरून बसायचे. एके दिवशी तिने त्यांना जुन्या विहिरीवरच्या मुकादमाशी बोलताना ऐकलं. "पुन्हा रहाटावर घ्याल का मला? खांदा अजून बरा आहे माझा." मुकादम हसला आणि म्हणाला, "तुझ्या वाटीचं काय झालं?" आबाही हसले. ते हसणं आचानला बघवलं नाही.

ती तिथून तडक निघाली ती बांबूच्या बनात, सानलांग जिथे एकटाच बांबू तोडत होता तिथे. धापा टाकत, रागारागाने. राग कुणावर, तेही तिला कळत नव्हतं.

"तुला जायचं असेल ना, तर जा!" ती म्हणाली.

"आता मी काय केलं?"

"काही नाही. पाणी वर कसं काढायचं ते मला माहितीय. कळलं? रांजणाच्या दिवसापासून माहितीय. बांबूच्या बुडाला आतून कातडं शिवायचं, एका कडेनं. खाली जाताना उघडतं, वर येताना मिटतं. मी सांगितलं नाही. का सांगितलं नाही ते विचारू नकोस. आज आबा रहाटावर परत जायची भीक मागत होते... माझ्यामुळं!" तिला रडू फुटलं.

सानलांगने कोयता खाली ठेवला. त्याचा चेहरा असा काही झाला होता, की हसावं का पळून जावं हे त्याला ठरवता येत नसावं. मग त्याने कमरेच्या शेल्यात हात घातला आणि काहीतरी बाहेर काढून तिच्यापुढे धरलं.

गोल कापलेलं कातडं. म्हशीचं, शिजवलेलं, वाळवलेलं, मेण चोळलेलं. एका कडेला टाक्यांसाठी भोकंही पाडलेली.

आचानचं रडू जागच्या जागी थांबलं. "हे... कधी?"

"रांजणाच्या दुसऱ्या दिवशी कातडं शिजायला टाकलं."

"म्हणजे तुला—"

"तू नळी उचललीस आणि थेंब सांडला नाही, तेव्हाच डोक्यात आलं."

"थांब, थांब. तू तेव्हा माझ्याकडं बघत होतास!"

"नळीकडं बघत होतो."

"नळीकडं!" ती ओरडलीच. "आणि मी वेडी लाजून आत पळाले! मेल्या, चुलीपुढं बसून अर्धी भाकरी जाळली मी!"

"आधी नळीकडं," तो घाईघाईने म्हणाला. "मग नळी राहिली बाजूला."

वाऱ्याने बांबू एकमेकांवर घासत होते. आचानला एकाएकी फार उकडायला लागलं. "मग सांगितलं का नाहीस?" तिने विचारलं, पण आवाज अगदी बारीक निघाला.

"तूच म्हणालीस, का ते विचारायचं नाही."

"ते माझ्यापुरतं."

"मग माझंही तेच धर," सानलांग म्हणाला. आणि मग दोघंही जे हसायला लागले, की बनातले बगळे उडून गेले. दोन चोर, एकच चोरी, आणि कुणाला कुणाचा पत्ता नाही!

हसणं ओसरलं. कातडं त्याच्या तळहातावर पडून होतं. "चल," शेवटी आचानच म्हणाली. "आबा वाट बघतायत."

कातडं बांबूत शिवायला फारसा वेळ लागला नाही. बुडाला लोखंडी कडं अडकवलं, वर दोर. गोंगकाका बारीक डोळे करून बघत होते, आबा बघवत नाही म्हणून पाठ फिरवून उभे होते. बांबू भोकात उतरला... दोर सुटत गेला, सुटत गेला... आणि कुठेतरी फार खाली टेकला. सानलांगने दोर हलका वरखाली केला. "ओढा!"

सगळे रहाटाला भिडले. दोर जड लागत होता. पहिल्यांदाच जड लागत होता! आचानचे हात सोलपटले, पण तिने सोडला नाही. बांबूचं टोक वर आलं, मग आख्खा बांबू, आणि गोंगकाकांनी बुडाशी टोकदार काठी घालून कातडं वर लोटलं.

पाणी धबाधबा कोसळलं. लाकडी पिंपात, पिंपाबाहेर, सगळ्यांच्या पायांवर. काळसर, गार, आणि असं खारट की आबांनी ओंजळ तोंडाला लावली आणि ठसका लागून खाली बसले. "पुन्हा सोडा," ते खालून ओरडले. "बांबू पुन्हा सोडा रे!" पुन्हा सोडला, पुन्हा भरून आला. शेजारीपाजारी कुंपणावर जमले. वाटीवरून हसणारा मुकादमही आला होता, पण आता तो हसत नव्हता, वाकून भोकात बघत होता.

या सगळ्या जल्लोषात गोंगकाका एकटे गप्प होते. त्यांनी बांबू आडवा धरून अंगठ्याने ते कातडं वाकवलं, पुन्हा वाकवलं, वास घेतला.

"सानलांग. हे कातडं आजचं नाही."



"मेण जिरलेलं आहे. कधी शिजवलंस?"

सानलांगने खोटं बोलायचा विचार केला असेल तर तो चेहऱ्यावर दिसला नाही. "रांजण काढला त्याच्या दुसऱ्या दिवशी, काका."

"आणि इतके दिवस मी म्हातारा मेणाचे गोळे वळत बसलो! का लपवलंस?"

"पाणी वर आलं असतं, तर मला जावं लागलं असतं." त्याने आचानकडे पाहिलं, आणि एवढ्या माणसांत, कुंपणावरच्या शेजाऱ्यांसकट सगळ्यांच्या देखत, म्हणाला, "हिला सोडून."

आईच्या हातातलं भांडं खाली पडलं. आचानच्या कानांत नुसता घूं घूं आवाज होत होता. आपण बोललो नाही तर सगळी शिक्षा याला एकट्याला, एवढंच तिला कळलं.

"मलाही माहीत होतं, आबा," ती पुढे झाली. "त्याच्याइतकंच. मीही सांगितलं नाही. तुम्ही जेवत नव्हतात, मला दिसत होतं... तरी सांगितलं नाही. मला काय बोलायचं ते बोला."

आबा ओल्या मातीत बसूनच होते. त्यांनी लेकीकडे पाहिलं, त्या पोराकडे पाहिलं, मग पिंपाकडे पाहिलं. कुणी तरी शिंकलं.

"माझ्या टोळीत पाणी लपवणारा माणूस नको," गोंगकाका कडाडले. "उद्या आम्ही डोंगर चढणार. तू नाहीस आमच्यात. टोळीतून बाहेर!"

सानलांगने मान खाली घातली.

"गोंगभाऊ," आबांनी खालूनच विचारलं, "हे कातडं टिकतं किती?"

"कसलं टिकतंय! खाऱ्या पाण्यात झिजणार, फाटणार. रोज बघावं लागेल, सारखं बदलावं लागेल. तेही जाणत्या माणसानं."

"मग या चोराला इथंच टाकून जा. अशी सुखासुखी सुटका नको त्याची. माझं बुडवलेलं पाणी भरून देऊ दे, जन्मभर."

"तेच तर म्हणतोय मी!" गोंगकाका अजूनही ओरडतच होते, पण मिशा थरथरायला लागल्या होत्या, आणि मग त्यांना हसू आवरेना. आबाही हसले. त्या दिवसांत पहिल्यांदा ते पोट धरून हसले.

पिंपं भरायची होती, त्यामुळे कुणाला रिकामं उभं राहायला मिळालं नाही. सानलांग आणि आचान दोराला लागले, दोघं एकाच बाजूला.

"मी सगळ्या गावासमोर सांगितलं," तो पुटपुटला. "तू नुसतं 'मलाही माहीत होतं' एवढंच म्हणालीस. का लपवलंस, ते काही बोलली नाहीस."

"दोर ओढ."

"ओढतोय. सांग ना..."

तिने मागे वळून पाहिलं. कुंपणावर निम्मं गाव होतं, आई कान टवकारून उभी होती. असू दे, तिने मनाशी म्हटलं.

"मला आवडतोस तू म्हणून!" ती म्हणाली ते इतक्या मोठ्याने, की रहाटावरच्या सगळ्यांचे हात एकदम सुटले आणि भरलेला बांबू सरसरत पुन्हा तळाला गेला.

"आता हे पाणी कोण भरून देणार?" आबा ओरडले.

"आम्ही!" दोघं एकदमच म्हणाले, आणि पुन्हा दोराला लागले.